पिशवीतला दुसरा कागद

दर वर्षी एक जूनला आमच्या गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळपासून केक आणि गुलाब यायला लागतात. निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. बाहेरच्या माणसाला हसू येईल. मी मात्र त्या दिवशी फोन उलटा करून ठेवतो, कारण त्यातले बरेचसे वाढदिवस माझ्या हाताने लिहिलेले आहेत.

रावेर तालुक्यातल्या त्या गावात मी एकतीस वर्षं शाळेत होतो. शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापक. जूनमध्ये बाया पोरांना घेऊन दारात उभ्या राहायच्या. जन्म कधीचा असं विचारलं की उत्तर यायचं, "कापूस वेचू रायलो होतो तव्हा झाला." नाहीतर, "याचे आजोबा गेले ना, त्याच साली." मग मी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचो. बोटं कानाला लागली की पोरगं सहा वर्षांचं. तारीख एक जून. ज्यांना खरी तारीख माहीत असायची तेही हळूच म्हणायचे, "गुरुजी, एक साल कमी लावा. नोकरीले कामी पडते." मी लावायचो. सगळ्या शाळांत हेच चालायचं. वय माणसाचं असतं, कागदाचं आपण ठरवायचं, असं मी गमतीने म्हणायचोसुद्धा.

माझ्या मुलीच्या जन्माबद्दल मात्र कसलाच अंदाज बांधावा लागला नसता. ती तिच्या आजोळी जन्मली, मुक्ताईनगरच्या बाजूला, आखाजीच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात. माझी पत्नी सांगायची, अंगणात पोरी झोका बांधताना दोरावरून भांडत होत्या आणि तेवढ्यात ही झाली. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. माझे सासरे नेमस्त माणूस. त्यांनी घड्याळात वेळ पाहून ठेवली, बाराव्या दिवसाच्या आत ग्रामपंचायतीत नोंद केली आणि जन्मपत्रिका करवून माझ्या हातात दिली.

ती सहा वर्षांची झाली तेव्हा मी तिला शाळेत नेलं. दुसऱ्या पोरांचं पाहून ती माझ्या टेबलासमोर स्वतःहूनच कान धरून उभी राहिली. बोटं कानाच्याही खाली गेली होती. मी हसलो आणि रजिस्टरमध्ये तिच्या जन्माच्या पुढच्या सालचा एक जून लिहिला. पाच वर्षं पूर्ण.

दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी ती म्हणाली, "आबा, अजून तारीख नीट करता येते. एकदा बोर्डात गेली की नाही येत. करून टाका ना."

"तुझं काय बिघडलं?"

"मी खोटी का लिहू?"

"वर्षभर जास्त नोकरी करशील. तेव्हा म्हणशील, आबा हुशार होते."

तिने फॉर्मवर माझीच तारीख लिहिली. तिच्या वर्गाला नागरिकशास्त्र मीच शिकवायचो. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकाला मत देता येतं, करार करता येतो, कुठे राहायचं ते ठरवता येतं, हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं. पोरं उतरवून घ्यायची. तिनेही घेतलं असणार.

बारावीची परीक्षा झाली आणि यावलकडचं एक स्थळ आलं. केळीची बागायत, दोन ट्रॅक्टर, एकुलता एक मुलगा. मे महिन्याच्या शेवटी ते लोक घरी आले. मुलाच्या वडिलांनी पोह्यांची प्लेट हातात घेऊनच विचारलं, "पोरीले अठरा भरले ना, गुरुजी? पुढे भानगड नको."

"भरले. आखाजीच्या आदल्या दिवशीच भरले," मी म्हणालो आणि प्लास्टिकच्या पिशवीतून जन्मपत्रिका काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती वाचली, मान डोलावली. मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं.

तिला धुळ्याला जायचं होतं. नर्सिंग शिकायचं आणि स्वतःच्या जिवावर राहायचं, हे ती वर्षभर सांगत होती. मी म्हणायचो, लग्नानंतर नवऱ्याला विचार. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल लागला आणि त्याच्या तिसऱ्या दिवशी ती सकाळच्या एसटीने गेली. चार दिवसांनी पत्र आलं. पत्र आईच्या नावाने होतं, फोडलं मी. 'मी अठरा वर्षे पूर्ण आहे. स्वतःच्या मर्जीने आले आहे. मला कोणी पळवून आणलेले नाही. एका दवाखान्यात मदतनीस म्हणून लागले आहे, पुढच्या महिन्यात नर्सिंगला प्रवेश मिळेल. काळजी करू नये. पत्ता खाली देत आहे.'

पत्ता खाली दिला होता. घर नंबर, गल्ली, खुणेला पिठाची गिरणी. लपण्यासारखं तिने काही केलेलंच नव्हतं, तिच्या हिशेबाने.

पत्नी म्हणाली, "अहो, पत्ता दिला हाय तिनं. जाऊन पाहून या. चार भांडी देऊन या. पोलीस कशाले?"

मी तीच पिशवी काखेत घातली आणि ठाण्यात गेलो. यावलच्या लोकांना काय तोंड दाखवू, हे एकच डोक्यात होतं. पिशवीतून शाळा सोडल्याचा दाखला काढला. त्यावर ती सतराची होती. खाली मुख्याध्यापक म्हणून माझी सही होती. तक्रार लिहिली गेली: माझ्या अल्पवयीन मुलीस अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले. हे वाक्य जमादारांना पाठच होतं. मी वाचलं आणि सही केली. असा कोणी इसम नव्हता, हे मला माहीत होतं. पत्रही मी त्यांना दिलं, पत्त्यासाठी.

पोलिसांबरोबर धुळ्याला मीही गेलो. घर एका विधवा म्हातारीचं होतं. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. जीप पाहून बाया ओट्यावर आल्या. अक्का दारात आडवी उभी राहिली आणि मला म्हणाली, "कोनी पोरगं-बिरगं नही शे आथं, भाऊ. तुमनी पोर एकलीच उनी, आपला पायवर उनी. बठ्ठं खरं सांगस मी." पोर एकटीच आली, स्वतःच्या पायांनी आली, एवढंच ती अहिराणीत सांगत होती.

"बाजूला व्हा बाई," पोलीस म्हणाले. "तुम्हालाही यावं लागेल."

त्या म्हातारीला अंगावरच्या लुगड्यानिशी जीपमध्ये बसवून आमच्या तालुक्यापर्यंत आणलं. संध्याकाळपर्यंत तिला ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं. तिने पाणीसुद्धा मागितलं नाही. माझी मुलगी तिच्या शेजारी बसली होती आणि तिचा हात हातात धरून होती.

फौजदार तसे वाईट नव्हते. त्यांनी मुलीला समोर बसवलं.

"मुलगा कोण?"

"कोणी नाही."

"कोणी नाही, तर पळालीस कशाला?"

"पळाले नाही. एसटीने गेले. तिकीट आहे माझ्याकडे."

दाराशी उभ्या असलेल्या पोलीस बाईंना हसू आलं. फौजदारांनाही आलं असावं, पण त्यांनी मिशीत दाबलं.

"वय?"

"अठरा पूर्ण. आखाजीच्या आदल्या दिवशी झाले."

"दाखल्यावर तर सतरा आहे. सही कोणाची आहे ही, गुरुजी?"

"माझीच," मी म्हणालो.

"म्हणजे घरचाच शिक्का."

तेव्हा ती माझ्याकडे वळली. आवाज अगदी साधा होता, घरात मीठ मागावं तसा. "आबा, पिशवीत दुसरा कागद आहे. जन्मपत्रिका. त्या लोकांना दाखवली होती ना तुम्ही? ती काढा."

पिशवी माझ्या काखेत होती. यावलचे लोक गेल्यापासून पत्रिका तिच्यातच होती, दाखल्याला चिकटून. मी हात जरा आणखी आवळला. प्लास्टिक कुरकुरलं.

फौजदार म्हणाले, "पत्रिकेवर माझं भागत नाही, पोरी. पण गुरुजी, ग्रामपंचायतीत, दवाखान्यात, कुठे जन्माची नोंद असेल तर सांगा. खरंच अठरा भरले असतील तर मला हिला अडवता येत नाही. आणि तुम्हालाही नाही. तिने कुठे राहायचं ते ती ठरवेल. आहे का नोंद?"

मुक्ताईनगरच्या बाजूचं ते गाव, ती पंचायत, सासऱ्यांचं वळणदार अक्षर, सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं होतं.

"नाही," मी म्हणालो. "नोंद नाही."

"मग जळगावला नेऊन डॉक्टरांकडून वय ठरवता येईल."

"नको साहेब. घरंदाज पोर आहे. अब्रू राहू द्या आमची."

त्यांनी खांदे उडवले. मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. वर्गात एखाद्या मुलाला गणित येत असूनही त्याने फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलं, तर आपण कसं पाहतो, तसं. पोलीस बाईंनी तिला बापाच्या ताब्यात देण्याचा कागद पुढे केला. ती त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, "कुठे सही करू?"

अक्काला रात्र पडायच्या आत सोडलं. धुळ्याची शेवटची गाडी मिळाली की नाही, ते मी विचारलं नाही.

मुलगी घरी आली आणि अकरा महिने राहिली. त्या अकरा महिन्यांबद्दल मला लिहिता येईल असं वाटत नाही, पण लिहिलं पाहिजे. तिने आदळआपट केली नाही. सांगितलेली सगळी कामं करायची. विचारलं तर हो किंवा नाही. मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसायची आणि दार उघडं ठेवायची. कपडे बदलायला लागेल तेवढंच लावायची, मग लगेच सताड उघडायची. सुरुवातीला मला वाटलं, उकडतं म्हणून. नंतर कळलं, ठाण्यात खोलीचं दार उघडं ठेवतात, तसं ते होतं. त्या दिवसापासून तिने मला आबा म्हणणं बंद केलं. दुसरंही काही म्हणायची नाही. जेवायला बोलवायचं असलं की माझ्यासमोर येऊन उभी राहायची, मी मान वर करेपर्यंत.

यावलच्या लोकांनी निरोप पाठवला, पोरगी ठाण्यात जाऊन आली, आमचं जमायचं नाही. नर्सिंगचा प्रवेश तर जुलैतच गेला होता. ज्या दोन गोष्टींसाठी आम्ही बापलेक भांडलो, त्या दोन्ही संपल्या होत्या. मग मी तिला कशासाठी धरून ठेवलं होतं, याचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नसतं.

मधे आखाजी आली. ती खरी एकोणीस वर्षांची झाली. तिच्या आईने सांजोऱ्या केल्या, परसातल्या लिंबाला झोका बांधला. ती झोक्यावर बसली नाही. झोक्याखालचं अंगण झाडून आत आली.

पुढच्या एक जूनला ती सकाळी आंघोळ करून, केस विंचरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पायाशी बॅग होती. मी मान वर केली.

"तुमच्या कागदाप्रमाणे आज अठरा झाले ना?"

मी हो म्हणालो.

"मग तो दाखला द्या."

मी खुंटीवरची पिशवी काढून दाखला दिला. पत्रिकाही पुढे केली. ती तिने घेतली नाही. "ती राहू द्या तुमच्याकडे," म्हणाली. आईच्या पाया पडली आणि निघून गेली. खोट्या कागदाने तिला अडवलं होतं, त्याच कागदाने ती सुटली. खरा कागद माझ्याकडे राहिला.

मी पिशवी परत खुंटीला लावली. गंमत अशी की ती खुंटी पंख्याच्या वाऱ्यात येते. पंखा सुरू केला की पिशवी कुरकुरायची. दुपारी आडवा झालो की तो आवाज, आणि त्यामागून मीठ मागावं तसा तो दुसरा आवाज: ती काढा. पिशवी दुसरीकडे ठेवायला काय लागतं? अठरा वर्षांत मला ते जमलं नाही. पत्नीने एकदा ती कपाटात टाकली होती. मीच काढून पुन्हा तिथे लावली.

मुलगी धुळ्यालाच नर्स झाली. आईला फोन यायचा. आई वर्षातून दोनदा जाऊन यायची आणि आल्यावर मला काहीच सांगायची नाही, मीही विचारायचो नाही. दर आखाजीला ती झोका मात्र बांधायची. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली. मुलगी आली, तेरा दिवस मावशीच्या घरी राहिली, सगळं केलं. आमच्या उंबऱ्याच्या आत तिने आईला पाहण्यापुरतंच पाऊल टाकलं. पुढच्या आखाजीला मी पत्नीच्या नावाने घागर भरली. गेलेल्यांसाठी भरतात तशी, पाण्याची, वर खरबूज ठेवून. घागर पुजताना परसातून दोराचा आवाज येत होता. मी गेलो तर फांदीवर आदल्या वर्षीचा दोर तसाच होता. तो सोडायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. रिकामा झोका वाऱ्याने हलत होता. त्या दिवशी मला समजलं की पत्नी मेली, तशी एका खोट्याची साक्षीदारही मेली. आता मी गेलो की ते खोटं कायमचं खरं होणार.

यंदा मी मुक्ताईनगरच्या बाजूला त्या गावी गेलो. ग्रामसेविका तरुण होती. "बाबा, एवढं जुनं कॉम्प्युटरवर नाही. वही पाहावी लागेल," म्हणाली आणि धूळ झटकत वही आणली. नोंद होती. स्त्री जातीचं अपत्य, सकाळी नऊ दहा. खबर देणारा म्हणून सासऱ्यांची सही. सापडायला दहा मिनिटं लागली. तेव्हाही दहाच लागली असती.

उतारा घेऊन मी तहसीलच्या बाहेर प्रतिज्ञापत्र टाइप करणाऱ्याकडे बसलो. मी सांगत गेलो, तो टाइप करत गेला. मी जाणूनबुजून चुकीची जन्मतारीख लिहिली. मुलीला ठाण्यात आणलं त्या दिवशी ती कायद्याने सज्ञान होती, हे मला माहीत होतं. जन्माची नोंद असताना नाही म्हणून सांगितलं. तिला कोणीही फूस लावली नव्हती. जिच्या घरी ती राहत होती त्या वृद्ध बाईंचा काहीही दोष नव्हता.

त्याचा हात थांबला. "बाबा, कारण काय टाकू? नोकरी, पासपोर्ट, वारस?"

"त्यातलं काही नाही."

"असं कसं? हा रकाना रिकामा नाही ठेवता येत."

"खरं सांगायचं आहे, असं टाका."

"असं कारण नसतं, बाबा." त्याने 'वैयक्तिक कामाकरिता' टाइप केलं.

धुळ्याला मी फोन करून गेलो. "या," एवढंच ती म्हणाली होती. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, दारावर तिचं एकटीचं नाव. दार आतून लावलेलं होतं. एक कडी आणि दोन बोल्ट सरकल्याचे आवाज आले. मी आत गेलो, तिने माझ्या मागे दार पुन्हा लावून घेतलं, तिन्ही. तिचे केस कानाजवळ पांढरे झाले आहेत.

मी विचारलं, "त्या अक्का?"

"गेल्या. बारा वर्षं झाली. त्या दिवसानंतर त्यांनी कोणत्याही मुलीला खोली दिली नाही. मला दिली, पण सहा महिने रोज विचारायच्या, तुना बाप परत येवाव नही ना?"

मी उतारा जोडलेलं प्रतिज्ञापत्र पुढे केलं. तिने हात पुढे केला नाही.

"वाचून दाखवा."

मी चष्मा लावला आणि वाचायला लागलो. एकतीस वर्षं वर्गात मोठ्याने वाचलेला माणूस मी. 'जन्माची नोंद असताना' इथपर्यंत आलो आणि थांबलो.

"पुढे," ती म्हणाली. मी पोरांना म्हणायचो तसंच.

मी पुढे वाचलं. अक्कांचं वाक्य आलं तेव्हा तिने खिडकीकडे पाहिलं. शेवटी ठरलेला मजकूर होता, प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या खाली असतो तो. वरील मजकूर खरा आहे, खोटा आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे हे खरं निघालं, तर शिक्षा नाही."

मी काखेतली पिशवी काढली, तिच्यातून जन्मपत्रिका काढली आणि प्रतिज्ञापत्राशेजारी टेबलावर ठेवली. घड्यांवर ती फाटायला आली होती. तिने तिच्याकडे पाहिलं, हात लावला नाही.

"बस किती वाजताची?"

"पाचची."

"मग चहा होईल," ती म्हणाली आणि आत गेली.

चहा पिऊन मी निघालो, तेव्हा दोन्ही कागद टेबलावर तसेच होते. ती ते ठेवील की टाकील, मला माहीत नाही आणि विचारायचा हक्क मला नाही. जिना उतरताना कडी आणि दोन्ही बोल्ट लागल्याचे आवाज एकामागून एक आले. रिकामी पिशवी मी बसस्टँडवरच्या टोपलीत टाकली.

आता खुंटी मोकळी आहे. दुपारी पंखा लावून आडवा होतो, आणि पिशवी कुरकुरते.